खडूबाई आणि वर चढणारी रेघ

खडूबाईंना राग येत नसे. येण्यासाठी आधी कुठेतरी जावं लागतं, आणि त्यांचा राग कायमचा त्यांच्याकडेच वस्तीला होता. सकाळी बाईंच्या आधी तो उठे आणि बाईंचा चहा होईपर्यंत चपला घालून दारात उभा राहिलेला असे. मग दोघं मिळून स्कूटरवरून निघत.

त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि एकतीस वर्षं ते तिथेच राहिलं. बाकी सगळ्या मुलखाला त्या खडूबाई. उजव्या हाताची बोटं निळ्या खडूने माखलेली, स्कूटरच्या हँडलवर निळे ठसे, कानामागे निळी रेघ, कारण विचार करताना कान खाजवायची सवय. अनोळखी माणसं हटकून विचारत, "शाळेत शिकवता का?" बाई म्हणत, "नाही. सांगून सुधारणारी माणसं माझ्या नशिबात नाहीत."

काम ऐकायला अगदी साधं. जमिनीखाली पाणी किती खोलवर आहे ते मोजायचं. त्यासाठी त्रेचाळीस निरीक्षण विहिरी होत्या. विहिरी म्हणायचं आपलं. प्रत्यक्षात जमिनीतून गुडघाभर वर आलेला मनगटाएवढा लोखंडी पाइप, त्यावर झाकण आणि झाकणाला कुलूप. बाई कुलूप काढत, साठ मीटरच्या पोलादी टेपेच्या टोकाला निळा खडू फासत आणि टेप आत सोडत. पाइपाच्या काठावर लाल रंगाची खूण केलेली असे. तिथे एखादा पुरा आकडा धरायचा, टेप वर ओढायची, आणि खडू कुठवर भिजून काळपट झालाय ते पाहायचं. एकोणसाठचा आकडा काठाला धरला आणि खालचे साठ सेंटिमीटर ओले निघाले, तर पाणी काठापासून अठ्ठावन्न मीटर चाळीस सेंटिमीटर खाली. झालं. एका वजाबाकीचं काम. पण ही वजाबाकी एकतीस वर्षं, दर महिन्याला, त्रेचाळीस ठिकाणी, उन्हातान्हात केली की माणसाला जमिनीखालचं असं काही दिसायला लागतं, जे वर चालणाऱ्यांना दिसत नाही. बाईंना दिसत होतं की पाणी चाललंय. खाली, आणखी खाली. आणि वर लोक पाइप लावून गाड्या धूत होते.

गाड्या धुणाऱ्यांशी त्यांचं जुनं वैर. गल्लीतल्या एका गृहस्थांनी एकदा गाडी धुता धुता फोनवर पाऊण तास गप्पा मारल्या. पाइप आपला अंगणात मोकळा. बाईंनी काही न बोलता त्यांच्या फाटकावर निळ्या खडूने भलंमोठं वर्तुळ काढलं आणि खाली लिहिलं, "येथे पाणी मरते." ते पुसायला गृहस्थांनी पुन्हा पाइप लावला. बाईंनी पुन्हा वर्तुळ काढलं. हे नऊ दिवस चाललं. दहाव्या दिवशी गृहस्थांनी बादली आणली.

घरी बाईंचे यजमान शिंपी. गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणत. घराच्या खालच्या खोलीत दुकान, एक मशीन, एक आरसा, आणि मास्तरांच्या गळ्यात कायम टेप. म्हणजे एका घरात दोन टेपा. एक कापडाची नि मऊ, दुसरी पोलादाची. नवराबायकोचे स्वभावही तसेच, हे वेगळं सांगायला नको. मास्तर कधी चिडत नसत. घरातला रागाचा सगळा कोटा बायकोने उचललाय, आता आपण कुठून आणायचा, असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

दुकानाच्या मागच्या भिंतीवर मास्तरांचा कापड बेतायचे नमुने काढायचा खाकी कागद छतापासून टांगलेला होता. त्यावर बाईंनी एका विहिरीची रेघ काढली होती. क्रमांक सतरा, वरच्या वस्तीतली, शाळेच्या आवारातली. छताजवळ शून्य म्हणजे जमीन, आणि तिथून प्रत्येक मीटरला दोन बोटं खाली. पहिल्या वर्षी रेघ अकरावर होती, म्हणजे मास्तरांच्या डोक्याच्याही वर. पंधराव्या वर्षी ती कमरेशी आली आणि कागद संपला. मास्तरांनी खाली दुसरा कागद मशीनवर जोडून दिला. चोविसाव्या वर्षी तिसरा. आता रेघ पावलांशी आली होती. नवं गिऱ्हाईक विचारी, "हा कसला बेत हो, मास्तर? एवढा लांब कोट कुणाचा?" मास्तर म्हणत, "हा आपल्या सगळ्यांचा आहे."

वीस वर्षांपूर्वी बाईंनी एक अर्ज लिहिला होता. साध्या भाषेत, दोन पानी. जमिनीखाली या सगळ्या मुलखाचं पाणी एकाच थरात आहे. शहर, वस्त्या, कारखाने, मळे सगळे एकाच भांड्यात आपापली नळी घालून ओढतायत, आणि ज्याची नळी लांब त्याचं पोट भरतंय. या भांड्यावर नजर ठेवायला कुणीतरी एक हवं. किती ओढायचं हे ठरवणारं आणि नको तिथे नको म्हणणारं. एक सार्वजनिक प्राधिकरण करा. असा अर्ज, आणि त्याखाली बाईंनी दारोदार हिंडून गोळा केलेल्या अकरा हजार सह्या. निम्म्या पानांवर निळे अंगठे, ते सही घेणारीचे.

अर्जाचं काय झालं? एकोणीस वर्षं झोप काढली त्याने. विसाव्याच्या उंबरठ्यावर तो अंगाला आळोखेपिळोखे देत उठला आणि एके दिवशी खरोखरच प्राधिकरण झालं. बाई त्या दिवशी चक्क हसल्या. मास्तरांनी तारीख भिंतीवर लिहून ठेवली.

हसू फार टिकलं नाही. प्राधिकरणाला आधी इमारत लागली. मग इमारतीला काच लागली, काचेला पडदे लागले. थेंबाच्या आकाराचं बोधचिन्ह ठरवायला समितीच्या सहा बैठका झाल्या. थेंब हसरा असावा की गंभीर यावर दोन सदस्यांचं बोलणं बंद झालं. स्वागतकक्षात माशांची मोठी पेटी आली. "भूजलात मासे नसतात," बाईंनी पहाऱ्यावरच्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "माहितीय हो बाई. पण पाहुण्यांना भूजल दाखवणार कसं?" अध्यक्ष म्हणून जन्मभर कालवे बांधलेले एक निवृत्त अभियंते आले. माणूस सरळ होता, पण त्यांना डोळ्यांना दिसणारं पाणीच कळे. त्यांचा उद्घाटनाचा निळा कोट मास्तरांनीच शिवला होता.

आणि त्रेचाळीस विहिरींच्या एकतीस वर्षांच्या नोंदवह्या एका टेम्पोत भरून प्राधिकरणाकडे गेल्या. बाईंनी त्या मुलगी सासरी पाठवावी तशा पाठवल्या. प्रत्येकीला नवं कव्हर घालून.

*

एका सोमवारी सकाळी वरच्या वस्तीतून धाकट्या नणंदेचा फोन आला. नणंद एकटी होती आणि शाळेलगत तिची रोपवाटिका होती. फुलझाडं, फळझाडांची कलमं, वाफ्यात सहा हजार पिशव्या.

"वहिनी, शाळेच्या भिंतीवर कागद लागलाय. बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला इथे बारा खोल बोअर घ्यायची परवानगी देणार म्हणे. गुरुवारी शाळेत सुनावणी."

"कोण देणार?"

"तुमचं बाळ," नणंद म्हणाली. "प्राधिकरण."

बाईंची स्कूटर त्या दिवशी वरच्या वस्तीत वेळेआधी पोचली. कागदाबरोबर अहवालाचं एक पान चिकटवलं होतं. त्यावर विहीर क्रमांक सतराची रेघ होती. सुबक, निळी, आणि डावीकडून उजवीकडे वर चढत गेलेली. अकरापासून थेट एकोणसाठापर्यंत. खाली लिहिलं होतं, "या क्षेत्रात भूजलात सातत्याने भरघोस वाढ झाली असून नवीन उपशास मोठा वाव आहे."

बाईंनी पान एकदा वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग पान भिंतीवरून काढलं, वरची कड खाली करून मागच्या बाजूने उन्हात धरून पाहिलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली. रेघ त्यांचीच होती. घरच्या भिंतीवरची. फक्त कुणीतरी तिला पाय धरून उलटी टांगली होती.

"मेल्यांनो!" बाई भिंतीला म्हणाल्या. "खाली गेलेलं पाणी वर चढवलंत की रे!"

"म्हणजे काय झालं नेमकं?" नणंदेने विचारलं.

"माझ्या वहीत एकोणसाठ म्हणजे पाणी एकोणसाठ मीटर खाली गेलंय. यांना वाटलं, एकोणसाठ मीटर पाणी साठलंय! आकडा मोठा म्हणून माल मोठा! जिथे ठणठणाट, तिथे यांना समुद्र दिसतोय."

"आणि त्या बारा बोअर..."

"त्या लागल्या तर तुझी विहीर पंधरा दिवसांत संपली म्हणून समज. तुझी आणि या दोनशे घरांची."

नणंदेच्या विहिरीत तळाशी खोल बोअर होती, तरी आताच सकाळी अर्धा तास पंप चाले, मग तो घसा खरवडल्यासारखा आवाज काढून बंद पडे. यंदा तिने दोन हजार पिशव्या भरल्याच नव्हत्या. पाणी नाही म्हणून, हे ती कुणाला सांगत नसे. माती चांगली मिळाली नाही असं सांगे.

बाईंनी शाळेच्या कोपऱ्यातल्या पाइपाचं कुलूप काढलं. सुनावणीआधी ताजी नोंद द्यावी लागते, असं प्राधिकरणाच्या नियमात होतं आणि तो नियम बाईंच्या अर्जातून शब्दशः उचललेला होता. खडू फासला, टेप सोडली. साठ मीटर संपले. टेप वर ओढली. नणंद बाजूला उभी राहून पाहत होती. टेपेचं टोक बाहेर आलं. खडू निळा होता. फुलासारखा कोरा, कोरडा निळा. पाइपाच्या तळाची थोडी धूळ त्याला लागली होती.

एकतीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. बाईंनी ते टोक बोटांत धरून ठेवलं. राग नेहमीचा शेजारी उभा होता, तोही वाकून टोकाकडेच बघत होता. मग त्यांनी नोंदवहीत लिहिलं, "कोरडी", आणि स्कूटरला लाथ मारली.

*

प्राधिकरणात खालच्या मजल्यावर नोंदी घेणाऱ्या कारकून बाई होत्या. चष्म्याची दोरी गळ्यात, आवाज लोण्यासारखा.

"सतरा क्रमांक ना? बोला, किती?"

"कोरडी."

कारकून बाईंनी टंकलं. संगणकाने टुंग केलं. "अक्षरं घेत नाही हा. आकडाच मागतो. आणि आकडा घातल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. शून्य टाकू?"

बाईंचं सगळं लक्ष वरच्या मजल्यावर. तिथे रेघ उलटी टांगणारे तज्ज्ञ बसत. "टाका," त्या म्हणाल्या. "शून्यच आहे तिथे. बाकी काय आहे!" आणि त्या जिना चढल्या.

तज्ज्ञ वयाने बेताचे, बोलायला मऊ, आणि टेबलावर वाळूचं घड्याळ ठेवलेले गृहस्थ होते. बाईंनी अहवालाचं पान त्यांच्यासमोर आपटलं आणि मग हळूच उचलून, वरची कड खाली करून, मागच्या बाजूने खिडकीच्या उजेडात धरलं.

"असं आहे ते."

"बाई, आपण आपल्या नोंदवह्यांतले आकडे जसेच्या तसे घेतले आहेत."

"आकडे घेतलेत. पण आकडे कशाचे ते वाचलंत? प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्याच्या आत पहिल्या ओळीत लिहिलंय, 'काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर.' ठळक. लाल शाईत."

तज्ज्ञांनी संगणकात बरंच शोधलं. मग त्यांचा चेहरा जरा उतरला. "पुठ्ठे... पुठ्ठे स्कॅन केलेले नाहीत. आम्ही सांगितलं होतं, फक्त आकड्यांची पानं घ्या. पुठ्ठ्यावर काय असणार, म्हणून."

"पुठ्ठ्यावर अक्कल होती!" बाई ओरडल्या. शेजारच्या खोलीतून दोन डोकी डोकावली. "एकतीस वर्षं मी ती पुठ्ठ्यावर लिहून ठेवली, आणि तुम्ही पुठ्ठाच फेकलात!"

"तांत्रिकदृष्ट्या पाहता..."

"तांत्रिकदृष्ट्या तुम्ही माणसाला डोक्यावर उभं करून म्हणताय की याचे पाय किती उंच गेले!"

तज्ज्ञ गृहस्थ वाईट नव्हते. त्यांनी निमूटपणे मान खाली घातली आणि पडद्यावर एका चौकोनात खूण केली. बस्स, एवढंच. एक बारकी खूण, आणि रेघ झपकन उलटी झाली. वर शून्य, खाली साठ, आणि पाणी धडाधड खाली उतरलं. बाई बघतच राहिल्या. एवढ्याने झालं असतं तर यांनी आधी का नाही केलं, असं विचारायला तोंड उघडलं, पण तज्ज्ञ म्हणाले, "गुरुवारी हीच रेघ दाखवू. सुधारित," आणि बाईंनी तोंड मिटलं. जिना उतरताना त्यांनी माशांकडेही जरा बऱ्या नजरेने पाहिलं.

घरी मास्तरांनी विचारलं, "काय झालं?"

"सरळ केली रेघ."

"आणि राग?"

"तो येतोय मागून. पायऱ्या चढतोय."

*

गुरुवारी शाळेच्या सभागृहात वरची वस्ती सगळी लोटली होती. मोठ्या खुर्च्या चारच, त्या प्राधिकरणाच्या सदस्यांना. बाकी सगळे मुलांच्या बाकांवर, गुडघे कानाशी घेऊन. अध्यक्ष उशिरा आले, त्यामुळे त्यांनाही बाकच मिळाला आणि त्यात ते असे बसले की आता उठवायला दोघं लागणार. मास्तर मागच्या रांगेत बसून त्यांच्या कोटाकडे काळजीने पाहत होते. बगलेची शिवण ताणली होती. कारखान्याचा वकील मात्र फळ्याशी उभा होता, ताजातवाना, हातात स्वतःच्याच कारखान्याची बाटली. तिच्यातलं पाणी तो अधूनमधून घोटघोट पीत होता आणि पहिल्या बाकावरची सगळी माणसं ते पिणं बघत होती.

पडदा लागला. तज्ज्ञ उभे राहिले. "सुधारित आलेख," ते म्हणाले. रेघ आली. अकरापासून सुरू झाली, खाली चालली. कमरेशी, गुडघ्याशी, पावलांशी. नणंदेने बाईंचा हात धरला. रेघ एकोणसाठावर पोचली.

आणि तिथून ती सरळ उभी वर गेली. छपरापर्यंत. शून्यावर.

"अरे वा!" अध्यक्ष बाकातून म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखरच उजळला होता. जन्मभर कालवे पाहिलेल्या माणसाला पाणी वर आलेलं पाहून आनंद होणारच. "पाणी अगदी काठाशी आलं की! हे कधीचं?"

"या सोमवारचं. नोंद आलेखावर नंतर चढली," तज्ज्ञ चाचरत म्हणाले.

"म्हणजे भरली विहीर!" वकील म्हणाला. "काठोकाठ! अध्यक्षमहाराज, मला आणखी काही बोलायची गरजच वाटत नाही."

खडूबाईंना आठवलं. सोमवारचं शून्य. लोण्यासारखा आवाज. "शून्य टाकू?" "टाका." रेघ उलटी होती तोवर शून्य म्हणजे काहीच नाही. पण रेघ सरळ झाली, त्याच क्षणी शून्य म्हणजे काठ झाला. रेघ स्वतः भांडून सरळ केली होती आणि शून्यही स्वतःच भरायला लावलं होतं. एकतीस वर्षं प्रत्येक आकडा दोनदा तपासणाऱ्या बाईंनी आयुष्यात एकच आकडा न तपासता, जिना चढायच्या घाईत दिला होता.

त्या ताडकन उभ्या राहिल्या. "ते पाणी नाहीय! ते शून्य आहे!"

"शून्य अंतरावर पाणी, हेच म्हणतोय आम्ही," वकील गोड हसला.

"विहीर कोरडी आहे! तुमच्या यंत्राला कोरडी म्हणता येत नाही म्हणून शून्य टाकलं!"

"कुणी टाकलं?"

सभागृहात कुणीतरी खोकलं. बाईंनी खोटं बोलायचा विचारसुद्धा केला नाही. त्यांना तो जमतच नसे.

"मी."

वकिलाने बाटलीचं झाकण सावकाश लावलं. "अध्यक्षमहाराज, नोंद बाईंनी स्वतः दिली. सोमवारी रेघ वर होती, तेव्हा बाई म्हणाल्या ती उलटी करा. उलटी केली. आता पाणी वर आलं तर म्हणतात हेही चूक. बाईंना नेमकं कुठलं पाणी हवंय?"

कुणीतरी हसलं. खरं सांगायचं तर मागे दोनचार जण हसले, वरच्या वस्तीतलेच. बाईंच्या रागाची त्यांनाही सवय होती, आणि सवयीच्या रागाचं कुणी मनावर घेत नाही. बाईंना त्या हसण्याचा जेवढा राग आला तेवढा वकिलाचाही आला नाही. कानामागची निळी रेघ जांभळी दिसायला लागली.

तेवढ्यात मागून मास्तर उठले. मास्तर सभेत कधी बोलत नसत.

"साहेब," ते अध्यक्षांना म्हणाले, "उद्घाटनाच्या कोटाच्या वेळी तुमची कंबर चाळीस होती. आज चव्वेचाळीस असेल. बरोबर?"

"अं?" अध्यक्ष म्हणाले.

"माझ्या वहीत आकडा चढला. पण तुम्ही उंच झालात असं मी लिहिलं नाही. आकडा कुठून मोजला हे माहीत नसलं तर कोट बगलेत फाटतो." आणि त्याच क्षणी, अध्यक्ष वळले तशी, बगलेतली शिवण टर्र करून उसवली. "बघा," मास्तर हळहळत म्हणाले. "विहीर इथून साठ पावलांवर आहे. मोजून बघा ना स्वतः. टेप आमच्या घरचीच आहे."

अध्यक्षांना बाकातून काढायला खरंच दोघं लागले.

*

शाळेच्या कोपऱ्यात पाइपाभोवती गर्दी झाली. बाईंनी कुलूप काढलं आणि खडू अध्यक्षांच्या हातात दिला. "फासा. टोकापासून वर हातभर. जरा दाबून. कालवा नाही तो, हळू."

अध्यक्षांनी फासला. निळी भुकटी कोटाच्या बाहीवर, फाटक्या बगलेवर, मिशीवर उडाली. मग त्यांनी टेप सोडायला सुरुवात केली. पाच मीटर. दहा. वकील घड्याळ पाहत होता. अकराला बाई म्हणाल्या, "मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा इथे होतं." वीस. तीस. टेप पाइपाला घासून किरकिर आवाज करत होती. चाळीस. मघाशी हसलेला एक जण टाचा उंचावून पाइपात पाहायला लागला. पन्नास. साठ. टेप संपली. अध्यक्षांचा हात पाइपाच्या काठावर तसाच राहिला.

"टेप कमी पडत असेल," वकील म्हणाला.

"पाइपच साठ मीटरचा आहे," बाई म्हणाल्या. "टेप तळाला टेकलीय. वर घ्या, साहेब."

टेप वर यायला बराच वेळ लागला. अध्यक्ष धापा टाकत होते, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. टोक बाहेर आलं. त्यांनी ते उलटसुलट पाहिलं, बोटाने चाचपलं. कोरडं. बोटाला निळी भुकटी आणि धूळ. त्यांनी ते बोट पुन्हा पुन्हा अंगठ्यावर चोळलं, जणू कुठेतरी थेंबभर ओल सापडेल. हसरा नाही तर गंभीर, कुठलाही थेंब चालला असता.

"काहीच नाही हो," ते हळू आवाजात म्हणाले.

"हेच मी वीस वर्षं लिहून देतेय!" बाई ओरडल्या. "भांडं रिकामं होतंय म्हणून तुम्हाला मागून घेतलं आम्ही! अकरा हजार सह्या गोळा केल्या! नको तिथे नको म्हणायला कुणीतरी असावं म्हणून! आणि तुमचं पहिलं काम काय, तर ज्या विहिरीत धूळ उडतेय तिथे बारा नळ्या! माझी चूक झाली, मी शून्य टाकायला लावलं. मी कबूल केली. तुमच्या पुठ्ठ्यांची कोण कबूल करणार?"

तज्ज्ञ पायांकडे पाहत होते. "मी," ते म्हणाले. तेवढ्या एका शब्दाबद्दल बाईंनी पुढे त्यांना बरंच माफ केलं. सगळं नाही.

वकिलाने फाइल उघडली. "अध्यक्षमहाराज, कायद्याने ग्राह्य नोंद ही संगणकातली. आणि संगणकात..."

"तुम्ही ओढा ना टेप," अध्यक्ष म्हणाले. "घ्या. खडूसकट घ्या."

वकिलाने आपल्या पांढऱ्या बाह्यांकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

अध्यक्षांनी बाईंची नोंदवही मागितली. पाइपाच्या झाकणावर ठेवून, निळ्या बोटांनी त्यांनी लिहिलं, "समक्ष मोजली. कोरडी. नवीन उपशास परवानगी नाकारली." सही केली. सहीवर अंगठ्याचा निळा ठसा उमटला, वीस वर्षांपूर्वीच्या अर्जावर होते तसा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कशासाठी वाजवायच्या? बारा नळ्या टळल्या, पण पाइपात पाणी आलं नव्हतं. नणंद पाइपाशी उभी राहून आत पाहत होती, जसं काही डोकावून दिसणार आहे. तिच्या दोन हजार रिकाम्या पिशव्या तशाच होत्या. आणि खालच्या अंगाला कारखान्याच्या जुन्या सात बोअर त्या क्षणीही धडधडत होत्या. त्या बंद करायला आणखी एक सुनावणी, आणखी एक अर्ज. बाईंनी मनात त्याची पहिली ओळ लिहून टाकली होती, आणि ती सौम्य नव्हती.

गर्दी पांगताना कारकून बाई जवळ आल्या. त्या नोंद घ्यायला आल्या होत्या आणि मघापासून ओशाळून मागे उभ्या होत्या. "बाई, आता संगणकात काय भरू? शून्य तर चालणार नाही."

"काही भरू नका. रिकामं ठेवा."

"पण पुढचं पान उघडत नाही तसं."

"नको उघडू दे," बाई म्हणाल्या. "या पानावर रिकामं आहे, तर पुढच्या पानावर काय असणार आहे? आधी हे बघा म्हणावं."

त्यांनी टेप गुंडाळली, फडक्याने पुसली, झाकण लावलं आणि कुलूप इतक्या जोरात दाबलं की शाळेच्या भिंतीवर आवाज आपटला.

"वहिनी," नणंद म्हणाली, "कोरड्या विहिरीला कुलूप कशाला हो आता? चोरायला उरलंय काय त्यात?"

"चोरायचं कोण बोलतंय?" बाईंनी किल्ली खिशात टाकली आणि फाटकाबाहेर गाडीत बसणाऱ्या वकिलाकडे बोट केलं. "उद्या एक टँकर आणून ओततील त्यात, आणि मोजायला मलाच बोलावतील."